रबरी पट्ट्यांचं दार

आमच्या घराचं दार हे गावातलं सगळ्यात घट्ट दार होतं, आणि माझ्या आयला त्याचा भारी तोरा होता. सातपाटी आणि तारापूरच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं गाव. त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. ज्यांनी आम्हाला तिथून घालवलं त्यांची मुलंबाळं अजून तिथेच नांदतात, आणि त्यांचं गाव छापील कागदावर मिरवायची माझी इच्छा नाही. घर विटांचं होतं, पण विटा मातीत बसवलेल्या, वर कौलं, मागची भिंत थेट समुद्राकडे तोंड करून उभी. दार आत उघडायचं आणि त्याला आतून आडवा घालायचा जाड आडणा होता. चौकटीला बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारून बसवल्या होत्या, तशाच खिडक्यांनाही. दार लावलं की समुद्राची गाज एकदम लांब कुठेतरी जायची आणि स्टोव्हचा आवाज मोठा वाटायला लागायचा. शेजारणी आल्या की आय दार एकदा लावून दाखवायची आणि म्हणायची, "बग, वारा पन इचारून येते आमच्याकडं."

बाबा बर्फाच्या कारखान्यात होते. खाडीच्या तोंडाशी तो कारखाना, गावापेक्षा थोडा उंचावर. घरी आले की त्यांचे हात इतके गार असायचे की आय त्यांना भाकरीच्या पिठाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, पीठ आखडतंय. तिचे स्वतःचे हात मिठाने कायम फुटलेले. मागच्या पुळणीवर आमची वलांडी होती, म्हणजे बोंबील टांगून सुकवायला बांबू-दोऱ्यांचा केलेला मांडव, आणि आय दिवसभर त्या मांडवाखाली. संध्याकाळी तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, नाहीतर सुकट आणि वरून कच्चा कांदा फोडलेला. घरभर सुक्या मासळीचा वास. मला त्या वासाची तेव्हा लाज वाटायची, कारण मी शाळेत पालघरला जायचे आणि तिथल्या मुली नाक मुरडायच्या. आता बाजारात सुकटवाली दिसली की मी उगाच थांबते, काही घेत नाही, वास घेते आणि पुढे जाते.

मग एकदा तालुक्याहून साहेब लोक आले. आमच्या उत्तरेला वीजकेंद्र झालं होतं, पूर्वेला कारखान्यांची धुराडी वाढत चालली होती, तेव्हा हवेतून काही अपाय आला तर गावाने काय करायचं ते शिकवायला ते आले होते. हाताने फिरवायचा एक भोंगा त्यांनी दिला. तीन पायांवर उभा, बाजूला दांडा. दांडा जितका जोरात फिरवाल तितका तो मोठ्याने ओरडायचा. भोंगा ठेवायला उंच जागा हवी म्हणून तो बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर गेला, आणि तो फिरवायचं काम आपोआप बाबांकडे आलं. त्यांच्या दंडाला पट्टी आली, गळ्यात शिटी आली. बाबा साधा माणूस, पण ती पट्टी बांधल्यावर त्यांच्या चालीत काहीतरी शिरलं. घरोघर जाऊन ते सांगायचे, "भोंगा वाजला का आत. दार लावा, खिडकी लावा, वलं फडकं नाकाला. भोंगा वाजतोय तवर दार उगडायचं नाय, कोन किती बी हाका मारू दे. मी येऊन शिटी वाजवली का मंगच भायेर." आय त्यांना भोंगेवाले साहेब म्हणायची, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्यासारखी मान ताठ करून आम्हाला हसवायची. पण दाराच्या पट्ट्या ठोकताना चुका हातात देत तीच उभी होती.

पहिल्या सरावाला सगळं गाव हसत हसत आत गेलं. शेजारची कमळीमावशी तेवढी गेली नाही. तिचे बोंबील परतायचे राहिले होते, ती वलांडीखालीच राहिली. भोंगा थांबल्यावर साहेब लोक गल्लीतून फिरले, आणि त्यांच्यातल्या एकाने तिच्याकडे बोट करून बाबांना सांगितलं, "ह्या बाई मेल्या." म्हणजे खरोखरचं संकट असतं तर मेल्या असत्या, असं त्याला म्हणायचं होतं. गावाला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून ती मेलेली कमळी झाली. पाण्यावर गेली की बायका म्हणायच्या, सरका गं, मेलेली आली. पोरं तिच्या ओट्यावर झेंडूची सुकलेली फुलं टाकून पळायची. तिचा नवरा होडीवर गेला तो परत आलेला नव्हता, मूल नव्हतं, म्हणून कोणी अडवणारंही नव्हतं. आय अडवायची कधीकधी, पण हसू दाबत. आमच्या गावाची थट्टा अशीच होती. रक्त आल्याशिवाय कुणाला मजा यायची नाही.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी जमिनीकडून वारा सुटला आणि त्याबरोबर एक आंबूस, घशाला ओरबाडणारा वास आला. कुठल्या कारखान्यातून आला ते कधी कोणी सांगितलं नाही. बाबांनी भोंगा फिरवला. ह्या वेळी कोणी हसलं नाही. आम्ही दार लावून ओली फडकी नाकाला धरून बसलो, आय, मी आणि कमळीमावशी, कारण आयने तिला हाताला धरून ओढत आणली होती. बाबांनी शिटी वाजवल्यावर बाहेर आलो तर आमच्या गावात दोन-चार कोंबड्या सोडून काही झालं नव्हतं. पलीकडच्या पाड्यावर भोंगा नव्हता. तिथली माणसं घाबरून उघड्यावर पळाली होती, आणि कितीतरी दिवस त्यांचे डोळे रक्तासारखे लाल होते. देवळापुढे जमात, म्हणजे गावची पंचायत, बसली, बाबांना नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. पाटील म्हणाले, "हरेश्वरानं गाव राखला." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते शाल मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्या आठवणीतला त्यांचा सगळ्यात सुखाचा दिवस तो.

इथे ढोलाचं सांगायला हवं. समुद्राला मोठं उधाण आलं, पाणी पुळण ओलांडून वस्तीकडे यायला लागलं, की आमच्याकडे पूर्वीपासून देवळातला ढोल वाजवत. ढोल ऐकला की जो जिथे असेल तिथून उठून शाळेच्या टेकडीवर जायचं, घराकडे वळायचं नाही. माझ्या लहानपणी असं एकदा आयच्या कडेवर बसून मी गेलेली होते. नंतर ढोलाचं कातडं फाटलं. जमातीत विषय निघाला तेव्हा पाटीलच म्हणाले, आता भोंगा हाय ना, ढोल कशाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, बाबांनीही. भोंगा वाजला की आत जायचं आणि ढोल वाजला की बाहेर पडायचं, हे दोन वेगळे निरोप आहेत, हे त्या बैठकीत एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. फाटका ढोल देवळाच्या मागे पडून राहिला आणि त्यात मांजर व्यायली.

तो दिवस पावसाळ्याच्या तोंडचा होता. अमावास्या होती, म्हणजे ऐन दुपारी भरती. सकाळपासून आकाश पिवळट, वारा मधेच थांबायचा आणि मधेच कौलं उचलायचा. रेडिओवर वादळाचं सांगितलं होतं, पण ते सौराष्ट्राकडे जाणार असंही सांगितलं होतं. गावातले पुरुष झाडून सगळे खाडीत होड्या बांधायला गेले होते. वस्तीत राहिल्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यावर गेले. आयने भाकरीत जवळ्याची चटणी घातली होती आणि निघताना म्हणाली, "बापाला सांग, आज लवकर ये. माळ्यावर सुकी चढवायची हाय, माजी कंबर गेली." तिची शिटीची मस्करी चाललेलीच होती; शिटी घरी खुंटीला राहिली होती, ती गळ्यात घालून तिने मला फुंकून दाखवली. ते आमचं शेवटचं बोलणं.

बाबा जेवायला बसलेच नाहीत. गच्चीवर उभे राहून समुद्राकडे बघत होते. मीही वर गेले. भरती चढत होती तशी चढतच होती, आणि बघता बघता वलांड्यांचे बांबू पाण्यात उभे दिसायला लागले. मग त्यातला एक मांडव सबंधच्या सबंध उचलला गेला आणि घरांच्या दिशेने तरंगत निघाला. बाबांनी तोंडाजवळ हात नेऊन हाका मारल्या, पण त्या वाऱ्यात मला शेजारी उभं राहून ऐकू येईनात. मग त्यांनी भोंग्यावरचं ताडपत्रीचं कापड ओढून काढलं आणि दांडा फिरवायला लागले. गावाला उठवायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. दुसरं कोणतं साधन त्यांच्या हाताशी होतं, हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही.

गच्चीवरून सगळी वस्ती दिसायची. भोंगा ओरडला आणि घराघरांतून माणसं बाहेर आली, तेव्हा मला बरं वाटलं. आय बाहेर आली, तिची पोपटी साडी मला ओळखू आली. तिने आमच्याकडे बघितलं. मग ती आजूबाजूच्या बायकांना हात करून बोलवायला लागली, आणि त्या मुलांना घेऊन पळत आमच्या घराकडे आल्या, कारण गावात सगळ्यात घट्ट दार आमचं. कमळीमावशी तर सगळ्यांच्या पुढे होती. सगळ्या आत गेल्या, आणि आमचं दार लागलं. शेजारचं लागलं. मग सबंध गल्लीतली दारं एकापाठोपाठ एक लागत गेली, खिडक्या लागल्या, आणि वस्तीत एक माणूस उरलं नाही. समुद्र मागच्या अंगणांत आला होता. बाबा मान खाली घालून दोन्ही हातांनी दांडा फिरवत होते, त्यांना काही दिसत नव्हतं. मी ओरडले, "बाबा, सगळी आत चालली!" त्यांना वाटलं मी म्हणतेय ऐकू जात नाही, आणि त्यांनी आणखी जोर लावला. जितका भोंगा मोठा झाला तितके लोक आत घट्ट बसले असणार. शेवटी मी त्यांच्या हाताला लोंबकळले. त्यांनी वर बघितलं, वस्तीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. त्याला शब्द नव्हता आणि मी तो लिहू शकत नाही.

आम्ही धावलो तेव्हा गल्लीत पाणी कमरेला होतं. इतर घरांची दारं फटींची, फुटकी; तिथे पाणी आत शिरलं, पाय भिजले तशी माणसं भानावर आली आणि कुणी माळ्यावर चढलं, कुणी कौलं काढून बाहेर आलं. आमच्या घरात पाण्याचा थेंब गेला नाही. बाबांनी काम चोख केलं होतं. आत सगळं कोरडं आणि बाहेर समुद्र भिंतीला टेकून वर चढत होता, हे आतल्यांना कळायला मार्गच नव्हता. आम्ही गल्लीच्या टोकाला असताना बाबा "उगडा, उगडा" ओरडत होते. दाराबाहेर पाणी दाबून उभं होतं, आडणा आतून कोणी काढू म्हटलं तरी निघाला नसता. मग मागची भिंत एकदम बसली. कौलं खाली आली, आणि तो कोरडा खण एका दमात भरला.

त्या घरात सहा बायका-मुलं मेली. वाचली फक्त कमळीमावशी. आढ्याच्या लाकडाला तिचा पदर अडकला आणि ती लोंबकळत राहिली. आय दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीकाठच्या खाजणात सापडली. तिच्या गळ्यात शिटी होती.

गाव सुतक फिटेपर्यंत थांबलं. मग जमात बसली, त्याच देवळापुढे. बाबांना उभं केलं. ज्यांनी शाल घातली त्याच पाटलांनी विचारलं, "उदान आलं तर ढोल वाजवायचा, का भोंगा?" बाबा म्हणाले, "ढोल फाटलेला." पाटील म्हणाले, "मंग शिवला का नाय?" जमलेल्यांपैकी कोणाला त्या माना डोलावल्याची आठवण राहिलेली नव्हती. कमळीमावशीला सांगायला लावलं, आत काय झालं ते. तिने एकही शब्द गाळला नाही. ती म्हणाली, "मागच्या भिंतीला धडधड होत होती. मी बोलली, दार उगडून बगू. ही बोलली, अजून वाजतोय. माजा मानूस वाजवतोय, तो थांबला का उगडू. आडन्यावर हात ठेवून बसलेली." मग बाबांकडे वळून म्हणाली, "मी मेलेली होती ना, म्हनून वाचली."

वाळीत टाकायचा ठराव वगैरे झाला नाही. ठराव केला असता तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी वेगळंच केलं. बाबा गल्लीतून निघाले की पुढचं दार लागायचं. मग त्याच्या पुढचं. ते चालत जायचे तशी दोन्ही बाजूंची दारं लागत जायची, आणि बंद दारामागून पोरं तोंडाने भोंग्याचा आवाज काढायची, मोठी माणसं हसायची. ज्यांचं कोणी गेलं होतं त्यांनी केलं असतं तर मी गिळलं असतं. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, ते जास्त जोरात दार आपटायचे. बाबा रोज त्याच गल्लीतून जायचे. वाट बदला म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. आणि संध्याकाळी कमळीमावशीच्या ओट्याशी उभे राहून विचारायचे, "काय बोलली ती?" ती मासळी निवडता निवडता वर न बघता सांगायची, "बोलली, अजून वाजतोय." रोज विचारायचे, ती रोज सांगायची. तिने त्यांना एक दिवसही सुटी दिली नाही.

आम्ही बोईसरला आलो. मॅट्रिक झाल्यावर मी कुंभवलीच्या बाजूला गोळ्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, बाबांना वॉचमनचं काम मिळालं. चाळीत खोली होती, पुढे नळाचा ओटा, शेजारी बनारसकडची एक भाभी आणि तिची मुलं. बाबांनी आमच्या खोलीचं दार कधी लावू दिलं नाही. उंबऱ्याशी मोठा धोंडा आणून त्याला टेकवून ठेवलं. कुत्री आत यायची, पाऊस आत यायचा, एकदा पातेलंच गेलं. मालक कुरकुरला. भाभी मला म्हणायची, "तेरे बाबूजी को हुआ क्या है?" मी म्हणायचे, त्यांना उकडतं.

हल्ली आमच्या भागात जमीनही हलते. परवा सोसायटीत एक तरुण मुलगी माहिती द्यायला आली होती. जमीन हलली की बाहेर पडा, वायू सुटला की आत बसा, पाणी आलं की वर चढा, असं तिने छान चित्रं दाखवून सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर होते. तिला म्हटलं, बाळ, आणि काय आलंय ते कळलंच नाही तर? ती हसली आणि म्हणाली, आजी, मेसेज येईल ना मोबाइलवर. सगळे हसले. मीही हसले, तिचा काय दोष.

चाळीतल्या त्या दिवसांत एका रविवारी दुपारी मी भाभीकडे कपडे शिवत बसले होते. बाबा आमच्या खोलीत झोपले होते. कारखान्यांच्या बाजूने भोंगा वाजला आणि त्याच्या मागोमाग तो वास आला, तोच, आंबूस, घसा ओरबाडणारा. भाभीने मुलांना आत ओढलं. दार मी लावलं. फटीत ओलं फडकं मी कोंबलं, मुलांच्या नाकाला फडकी मी धरली. मला काही आठवावं लागलं नाही, हात आपले आपण करत होते. चाळीतली सगळी दारं धडाधड लागली, आणि मग बाहेर बाबांचा आवाज आला. ते एकेक दार बडवत येत होते. "भायेर या! पानी येतंय! टेकडीवर चला!" बोईसरला समुद्र कुठला. ते भाभीच्या दाराशी आले आणि आयला नावाने हाका मारायला लागले. "तारे, उगड! ताराबाय, उगड गं, भिंत बसंल!" मी आतून ओरडले, बाबा, पाणी नाही, वायू आहे, नाकाला कपडा धरा, खोलीत जा. त्यांना भोंग्यात ऐकू गेलं नसणार. भाभीने माझा दंड धरला, "मत खोलना, बेटी, बच्चे हैं." तिने धरला नसता तरी मी उघडलं नसतं. आत तीन लहान मुलं होती, आणि भोंगा वाजतोय तवर कोणी किती हाका मारल्या तरी दार उघडायचं नाही, हे मला ज्याने शिकवलं तोच बाहेर हाका मारत होता. ह्यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. फक्त त्या दारावरच्या थापा अजून जात नाहीत.

ते पुढच्या दारावर गेले, मग त्याच्या पुढच्या. एकानेही उघडलं नाही, आणि न उघडणारे सगळे वाचले. भोंगा थांबल्यावर मी बाहेर आले तेव्हा बाबा नळाच्या ओट्याला टेकून बसले होते, तोंडाला फेस, हाताची सालटी निघालेली. पालघरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले छाती जळलीय. दोन दिवस ते नुसते शिट्टीसारखा श्वास ओढत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"अजून वाजतोय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हटलं, "थांबला."

"मंग दार उगड," बाबा म्हणाले.

दार उघडंच होतं.